गळा आणि मेंदू

१९४२ सालीं रामभाऊ कुंदगोळकर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि रसिक ज्यांना सवाई गंधर्व म्हणत त्यांची मैफल कायमची थांबली. वय अवघें छप्पन्न. त्यांचा आवाज मूळचा गोड नव्हे. वयांत येतांना तर तो फारच हट्टी झाला होता. अब्दुल करीम खांसाहेबांच्या तालमींत वर्षानुवर्षें मेहनत करून त्यांनीं तो वळविला होता. असा कमावलेला आवाज एका झटक्यासरशीं जावा हें कोडें उलगडावयाचें, तर गळा सोडून कवटीच्या आंत पाहावें लागतें.

पक्षाघातांत मेंदूची एखादी रक्तवाहिनी गुठळीनें बंद पडते अथवा फुटते. रक्तावांचून तेथील पेशी कांहीं मिनिटांतच मरूं लागतात, आणि जो भाग मेला त्याचें काम बंद पडतें. डाव्या अर्धगोलास इजा झाली कीं उजवें अंग लुळें पडतें. उजव्यास झाली कीं डावें. परंतु वाचेची वांटणी अशी समसमान नाहीं.

हें प्रथम ठसविलें तें पॅरिसच्या पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यानें. बिसेत्रच्या रुग्णालयांत लबोर्न नांवाचा रोगी एकवीस वर्षें पडून होता. त्याला दुसऱ्याचें बोलणें कळे. पण काय विचाराल त्याला त्याचें उत्तर एकच, ‘तां, तां’. १८६१ सालीं तो वारला तेव्हां ब्रोकानें मेंदू तपासला. इजा डाव्या बाजूस, कपाळामागें होती. पुढें १८७४ सालीं कार्ल वेर्निके यानें दाखविलें कीं, डाव्या कानशिलामागचा भाग बिघडला तर माणूस भडाभडा बोलतो, पण त्या बोलण्यास अर्थ नसतो.

गाण्याची गोष्ट याहून निराळी, आणि अधिक नवलाची. १७४५ सालीं स्वीडनमध्यें अशा एका माणसाची नोंद झाली कीं, ज्याचें उजवें अंग गेलें होतें, वाचाहि गेली होती. परंतु ओळखीचीं स्तोत्रें तो शब्दांसकट गाई! सुरांचें बरेंचसें काम उजवा अर्धगोल करतो, हें आज माहीत आहे. १९७३ सालीं बॉस्टनच्या संशोधकांनीं याच आधारावर मुक्या झालेल्या रोग्यांस चालीवर बोलावयास शिकविण्याची पद्धति मांडली.

मग गवयाचेंच गाणें कां जावें? गाणें मेंदूच्या एकाच कोपऱ्यांत राहत नाहीं. सुराची आठवण एकीकडे, शब्द दुसरीकडे. जीभ, स्वरयंत्र व छाती यांना हुकूम देणारा पट्टा तिसरीकडे. आणि त्या हालचालींचें मोजमाप लहान मेंदूकडे. किराणा पद्धतीच्या विलंबित ख्यालांत एकेक स्वर दमानें लावीत रागाची बढत करावयाची असते. स्तोत्र गुणगुणण्यास पुरेल एवढें बळ तेथें अपुरें पडतें. यांतील एक दुवा निखळला तरी पुरे. नेमका कोणता निखळला हें जिवंत माणसाच्या मेंदूचें छायाचित्र घेऊन पाहण्याचें सीटी स्कॅन यंत्र पहिल्यानें वापरलें गेलें तें १९७१ सालीं. १९४२ सालच्या वैद्यांजवळ रोग्याचे हातपाय आणि वाचा एवढाच पुरावा असे.

१२ सप्टेंबर १९५२ रोजीं सवाई गंधर्व निवर्तले. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी यांच्या गळ्यांत त्यांची तालीम उतरली होती. १९५३ सालीं पुण्यांत त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू झाला, आणि तेथें शिष्य गाऊं लागले.