जुने घर कशामुळे टिकते?

बेळगाव-खानापूर भागात तीन-चार पिढ्या नांदलेली कौलारू घरे आजही उभी आहेत. पावसाचे पाणी अंगावर कमी घ्यायचे, मुरलेली ओल वाळू द्यायची आणि बिघडला तेवढाच भाग बदलायचा, या तीन गोष्टी त्यांच्या बांधणीतच आहेत.

भिंत : जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, सहज तासता येतो, हवा लागली की कठीण होतो. मात्र तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. म्हणून भिंत चुन्यात रचून वर चुन्याचाच गिलावा करीत. चुन्यातून ओल बाहेर पडते. उंच जोत्यामुळे अंगणातले पाणी भिंतीपर्यंत येत नाही.

लाकूड : खांब थेट जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभे करीत. त्यामुळे बुंध्याला ओल लागत नाही आणि वाळवी लवकर दिसते.

छप्पर : पूर्वी नळीची कौले असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौले सगळीकडे पोहोचली. कौल फुटले तर तेवढेच बदलायचे, वासा कुजला तर तेवढाच काढायचा. भिंतीच्या बाहेर आलेल्या छपरामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात.

दुरुस्तीतील नेहमीची चूक : पोपडे निघाले की अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर तैलरंग देतात. दोन-चार वर्षे भिंत छान दिसते. पण आतली ओल कोंडते, वर चढते आणि भिंतीत बसवलेली तुळयांची टोके कुजतात. आधी पाणी कुठून येते ते शोधावे. पन्हळ, कौले, न्हाणीचा नळ तपासावा. मग चुन्याचाच गिलावा करावा. दरवर्षी मिरगाच्या आधी कौले चाळून घेतली, तर मोठा खर्च सहसा निघत नाही.

नवे घर बांधणाऱ्यांनी निदान एवढे करावे : जोते उंच ठेवावे, खिडक्यांवर रुंद सज्जे काढावेत आणि नळ भिंतीत न पुरता हात पोहोचेल असे बाहेरून न्यावेत.

कागदपत्रे : बँकेत कर्जाचे प्रस्ताव पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसे. भिंती धडधाकट, पण उताऱ्यावर नाव अजून आजोबांचेच. वारसनोंद नाही, म्हणून तारण नाही; तारण नाही, म्हणून दुरुस्तीला कर्ज नाही. दरम्यान छप्पर खचते आणि मग विकण्यावाचून मार्ग उरत नाही. वारसनोंद वेळेवर करावी. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे, हे ध्यानात घेऊन वाटणीपत्र नोंदवावे. दुरुस्तीचा खर्च कोणी किती उचलायचा, तेही भावंडांनी लिहून ठेवावे.

कौले चाळायला माणूस मिळतो. सह्यांसाठी सगळ्यांना एकत्र आणणे दर पिढीगणिक अवघड होत जाते. म्हणून हे काम घरातली वडीलधारी मंडळी असतानाच उरकावे.