मुलांची वाचा व जुनें संशोधन

डॉ. वॉन्लेस यांचें रुग्णालय मिरजेस १८९४ सालीं उघडलें, तेव्हांपासून दूरदूरचे रोगी त्या गांवाची वाट धरूं लागले. वैद्यानें एका जागीं बसावें आणि रोग्यानें त्याच्याकडे जावें, ही रीत शस्त्रक्रियेस शोभते. वाचोपचारास ती जड जाते. पांच वर्षांचें मूल अद्यापि 'काका'स 'ताता' म्हणत असेल, तर त्यास एका भेटीनें गुण येत नाहीं; पुष्कळ दिवस सराव लागतो. जतच्या माळावरील किंवा पाटणच्या डोंगरांतील आईनें मजुरी बुडवून दर आठवड्यास सांगली-साताऱ्यास कसें जावें? म्हणूनच २०२० च्या टाळेबंदीपासून अधिक रूढ झालेला मोबाइलवरील वाचोपचार अशा घरांस मोलाचा आहे. या नव्या साधनानें जुन्या संशोधनापासून काय घ्यावें व काय टाकावें, हें पाहूं.

प्रातिशाख्यें व शिक्षाग्रंथ वेदपठण शुद्ध राहावें म्हणून रचले गेले; पण त्यांतील वर्णविचार शरीराच्या सूक्ष्म निरीक्षणावर उभा आहे. कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ हा आपल्या वर्गांचा क्रम म्हणजे मुखाचा नकाशाच होय. पडद्यावर 'प' दिसतो, कारण ओठ मिटतात. 'क' दिसत नाहीं, कारण जिभेचा मागचा भाग आंत उचलला जातो. जें दिसत नाहीं, तें पुष्कळदां स्पर्शानें शिकवावें लागतें. ओठांपुढें कागदाची चिठी धरून 'ट' व 'ठ' म्हणावे. महाप्राणाबरोबर ती अधिक हलते. गळ्यावर बोटें ठेवून 'स' व 'म' लांबवावे. 'म'च्या वेळीं घोषाचा कंप जाणवतो. शिक्षकाचा हात पडद्यांतून पोहोंचत नाहीं. तेथें आईचा हात उपयोगी पडतो.

हा वर्णविचार पुढें पश्चिमेसही पोहोंचला. अमेरिकन पंडित व्हिट्नी यांनीं अथर्ववेदाचें प्रातिशाख्य १८६२ सालीं प्रसिद्ध केलें. १८६७ सालीं मेल्व्हिल बेल यांनीं जीभ व ओठ यांची ठेवण दाखविणारी लिपि मांडली. त्यांचे पुत्र ग्रॅहॅम बेल १८७१ पासून बॉस्टन येथें तिच्या साह्यानें बहिऱ्या मुलांस बोलावयास शिकवीत. टेलिफोनचें पेटंट १८७६ सालीं मिळालें तें यांसच.

परंतु जुनें तें सर्वच सोनें नव्हे. मूक, मिन्मिन व गद्गद यांची गणना सुश्रुतसंहिता वातव्याधींत करते. वाग्दोष हा शरीराचा विकार आहे, हें तिनें ओळखलें. मात्र गर्भिणीचे डोहाळे अव्हेरल्यास मूल मुकें निपजतें, असेंही तींत आहे. असल्या समजुतींनीं पुष्कळ घरांत निष्कारण दोषारोप झाले. १८८० सालीं मिलान येथील परिषदेनें बहिऱ्यांच्या शिक्षणांत खुणांच्या भाषेहून तोंडी बोलणें श्रेष्ठ ठरविलें. ग्रॅहॅम बेलही याच मताचे. त्यापायीं कित्येक मुलें भाषेसच मुकलीं. व्हँकूव्हरच्या परिषदेनें तो ठराव नाकारावयास २०१० साल उजाडावें लागलें.

तेव्हां निरीक्षण घ्यावें, दोषारोप व दुराग्रह टाकावा. पहिली भेट मात्र प्रत्यक्षच व्हावी. कान नीट ऐकतात कीं नाहीं, टाळू दुभंगलेली तर नाहीं, हें पडद्यावरून खात्रीनें ठरत नाहीं. न ऐकणाऱ्या मुलाकडून नुसती उच्चारांची घोकंपट्टी करून घेणें, ही मिलानचीच चूक घरोघरीं पुन्हां करणें होय.