जहाजाच्या तळाशी सापडलेलं प्रवाळाचं मूळ

प्रवाळ पुन्हा लावण्याच्या विद्येचा जनक कोण, असं विचारलं की इस्रायलच्या बारुख रिंकेविच यांचं नाव पुढे येतं. वनखातं रोपवाटिकेत रोपं वाढवून डोंगरावर लावतं, त्याच धर्तीवर प्रवाळाचे तुकडे वाढवून खडकावर लावायचे, हा विचार त्यांनी १९९०च्या दशकात मांडला. मालवणच्या समुद्रात काँक्रीटच्या चौकटींवर लावलेले तुकडे याच घराण्यातले.

मिठापूरचं घराणं मात्र वेगळं. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने जानेवारी २०२० मध्ये गुजरातच्या या किनाऱ्यालगत धातूचा सांगाडा समुद्रात बसवला. त्यात सौरऊर्जेची मंद वीज सोडतात. ‘बायोरॉक’ नावाच्या या तंत्राचं श्रेय वुल्फ हिल्बर्ट्झ या वास्तुरचनाकाराला मिळतं. १९७०च्या दशकात त्यांना समुद्राच्या पाण्यातून बांधकामाचं साहित्य ‘उगवायचं’ होतं. पुढे जीवशास्त्रज्ञ थॉमस गोरो यांच्या साथीने ते तंत्र प्रवाळाकडे वळलं.

माझ्या मते मूळ त्याहून दीडशे वर्षं जुनं आहे. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा खाऱ्या पाण्यात झिजायचा. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने त्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडले. झीज थांबली, पण पत्र्यावर चुन्याचा नि मॅग्नेशियाचा थर चढला आणि शेवाळ, शिंपले चिकटू लागले. झिजणाऱ्या तांब्याचं विष त्यांना दूर ठेवत होतं, ते आता पाण्यात उतरेना. जहाजं मंदावली आणि नौदलाने युक्ती गुंडाळली.

डेव्हीला थर नकोच होता, मग तो पूर्वज कसा, असा आक्षेप येईल. पण रसायन बघा. जस्त जोडलं की पत्रा ऋण ध्रुव बनतो; ऋण ध्रुवाजवळचं पाणी अल्कधर्मी होतं आणि त्यातला चुना धातूवर बसतो. मिठापूरच्या सांगाड्यावर तेच घडतं. प्रवाह मंद ठेवला तर बसणारा चुना अरॅगोनाइट असतो, आणि प्रवाळ आपला सांगाडा त्याच खनिजाचा बांधतो. हिल्बर्ट्झने डेव्हीचीच अडचण कामाला लावली, असं मी ठामपणे म्हणेन.

विजेने प्रवाळ खरंच वेगाने वाढतो का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. तापलेल्या समुद्रात पांढरा पडणारा प्रवाळ तर अशा सांगाड्याने वाचेलच, याची खात्री नाही. म्हणून आहे ते जपणं आधी. मालवणला स्नॉर्केलिंग कराल तेव्हा प्रवाळावर पाय टेकवू नका, आणि नांगर वाळूतच टाकायला नाववाल्या दादांना सांगा.