ट्रेंच टाउनचें मैदान

१९५८ सालच्या नोव्हेंबरअखेर वेस्ट इंडीजचा क्रिकेटसंघ मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पहिला कसोटी सामना खेळावयास उतरला, तेव्हां त्यांत कॉली स्मिथ नांवाचा पंचवीस वर्षांचा एक जमैकन तरुण होता. त्या सामन्याच्या दोन्ही डावांत त्यानें पन्नाशी ओलांडली. पुढें दिल्लीच्या शेवटच्या कसोटींत त्यानें बरोबर शंभर धावा काढल्या आणि आपल्या फिरकीनें भारताचे पांच गडी एका डावांत बाद केले. टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकांपैकीं फारच थोड्यांना हें ठाऊक असेल कीं, ज्या क्लबानें या खेळाडूला वाढविलें तो कोणा धनिकांचा जिमखाना नव्हता. किंग्स्टन शहराच्या पश्चिमेकडील एका दरिद्री वस्तींतला तो क्लब. बॉइज टाउन हें त्याचें नांव. पुढें हाच क्लब जमैकाच्या फुटबॉलमध्यें गाजला. परंतु त्याचा आरंभ क्रिकेटसाठींही झाला नाहीं आणि फुटबॉलसाठींही नाहीं. तो झाला भुकेपोटीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ती भूक समजावयाची तर १९३८ सालाकडे वळावें लागतें. जमैका त्या वेळीं इंग्रजांची वसाहत होती. साखरेचा धंदा बसला होता. मजुरीसाठीं परदेशीं गेलेले लोक रिकाम्या हातांनीं परत येत होते. अशांत वेस्टमोरलंड परगण्यांतील फ्रोम येथें साखरेचा नवा कारखाना उभा राहत असल्याचें ऐकून कामाच्या आशेनें माणसांच्या झुंडी लोटल्या. रोजाला एक डॉलर मजुरी मिळावी, ही त्यांची मागणी. तेथें गोळीबार झाला, माणसें मेलीं, आणि महिन्याभरांत तें लोण किंग्स्टनच्या गोदीपर्यंत पोहोंचलें. सरकारला जाग आली ती त्यानंतर. या जागेपणाचें एक फळ म्हणजे पश्चिम किंग्स्टनमधील सरकारी घरें. खेडीं सोडून आलेले भूमिहीन लोक जेथें पत्र्याच्या नि फळकुटांच्या झोपड्यांत राहत, तेथें १९४० नंतरच्या दशकांत मोकळ्या अंगणाभोंवतीं बैठ्या खोल्यांच्या रांगा उठल्या. मुंबईची चाळ मजल्यावर मजला न चढवितां जमिनीवर पसरून ठेवावी, तसें तें दृश्य. खोली ज्याची त्याची. पण नळ, स्वयंपाकघर आणि शौचकूप सर्वांत मिळून एक. हेंच ट्रेंच टाउन. बॉब मार्ली याच्या गाण्यांनीं पुढें या अंगणांची कीर्ति जगभर नेली.

घरें उठलीं, पण दिवसभर रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांचें काय? ह्यू शेरलॉक या मेथडिस्ट धर्मोपदेशकांनीं या प्रश्नाला हात घातला. १९०५ सालीं जन्मलेले हे जमैकन गृहस्थ १९४० मध्यें या वस्तींत बॉइज टाउन ही संस्था उघडून बसले. नेब्रास्कांतील फादर फ्लॅनगन यांच्या मुलांच्या आश्रमाचें तेंच नांव १९३८ च्या एका हॉलिवुड बोलपटामुळें तेव्हां सर्वतोमुखीं झालेलें होतें. थोडें शिक्षण, हाताला एखादें कसब, प्रार्थना आणि खेळ, एवढा शेरलॉक यांचा संसार. यादींत खेळ शेवटीं आला तरी त्याचें मोल शेवटचें नव्हतें.

त्याचें कारण असें. किंग्स्टनमध्यें कोणी कोणत्या क्लबांत खेळावयाचें, हें पुष्कळ अंशीं कातडीच्या रंगावर ठरे. किंग्स्टन क्रिकेट क्लब गोऱ्यांचा; लूकस हा काळ्या कष्टकऱ्यांचा, आणि थोर फलंदाज जॉर्ज हेडली त्याचाच. या उतरंडीच्या तळाशीं जो मुलगा होता, त्याला आपलें म्हणावें असें मैदान बॉइज टाउननें दिलें. शिवाय गल्लींतल्या खेळांत जो दांडगा तोच जिंकतो. आखलेल्या मैदानावर पंचानें बोट वर केलें कीं दांडग्यालाही मुकाट्यानें चालूं लागावें लागतें. पोलिसाच्या काठीखेरीज दुसरा कायदा न पाहिलेल्या पोराला हा कायदा नवा होता, आणि तो सर्वांना सारखा होता.

१९४७ मध्यें बार्बेडोसचा फ्रँक वॉरेल जमैकांत राहावयास आला. त्याच्या कीर्तीचा खेळाडू म्हणजे कोणत्याही क्लबाला भूषण. परंतु तो जाऊन मिळाला बॉइज टाउनला, आणि तेथल्या पोरांबरोबर खेळला. हा तोच वॉरेल, ज्यानें १९६२ सालीं बार्बेडोस येथें नरी कॉन्ट्रॅक्टर डोक्याला चेंडू लागून मरणाच्या दारीं असतां आपलें रक्त दिलें. माणसाचा स्वभाव एकच असतो. क्लब निवडतांनाही तोच दिसतो.

कॉली स्मिथ याच मैदानावर घडला. १९५५ सालीं किंग्स्टनमध्यें ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच कसोटींत त्यानें शतक ठोकलें. १९५७ सालीं इंग्लंडमध्यें आणखी दोन, दोन्ही दीडशेंच्या वरचीं. भारतांतून परतल्यावर अवघ्या कांहीं महिन्यांत, सप्टेंबर १९५९ मध्यें, इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यांत रात्रीच्या प्रवासांत मोटारीला अपघात झाला. मोटार त्याचा जिवलग मित्र गारफील्ड सोबर्स चालवीत होता. सोबर्स वांचला, कॉली दोन दिवसांनीं गेला. त्याचें शव जमैकास आणलें तेव्हां अंत्ययात्रेला सुमारें साठ हजार माणसें लोटलीं, असें सांगतात. ट्रेंच टाउनमधून जाणाऱ्या मुख्य रस्त्याला आज त्याचें नांव आहे.

याच रस्त्यावर पुढील काळांत फुटबॉलचा जोर झाला. यांत नवल नाहीं. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात, दिवसचा दिवस लागतो. फुटबॉलला एक चेंडू नि संध्याकाळचा तास पुरतो. देशांतील श्रेष्ठ कौशल्याचा खेळाडू म्हणून ज्याचें नांव निघतें तो अ‍ॅलन कोल, मार्लीचा स्नेही, बॉइज टाउनकडून खेळला आणि पुढें ब्राझीलमध्येंही खेळून आला. कार्ल ब्राउन याच क्लबांतून निघून देशाचा कर्णधार व पुढें राष्ट्रीय संघाचा शिक्षक झाला.

परंतु मैदानाभोंवतींची वस्ती याच सुमारास चिरफाळत होती. १९६२ सालीं स्वातंत्र्य मिळालें, त्यानंतर सत्तेवर येणारा प्रत्येक पक्ष आपल्या मतदारांसाठीं घरें बांधूं लागला. ज्यांनीं घर दिलें त्यांनाच मत, आणि ज्यांनीं मत दिलें नाहीं त्यांना हाकलून द्यावयाचें, असा हा व्यवहार. एका पक्षानें टिव्होली गार्डन्स उभें केलें, दुसऱ्यानें अर्नेट गार्डन्स. ट्रेंच टाउनमध्येंच रेमा एका पक्षाची आणि तिला लागून असलेली जंगल दुसऱ्याची. गल्लीच्या या टोकाच्या पोराला त्या टोकाला जाण्याची सोय राहिली नाहीं. हातांत बंदुका आल्या. घरें जळालीं, कुटुंबें निघून गेलीं, मध्यें ओसाड जागा पडल्या. १९७८ च्या एप्रिलमध्यें मार्लीनें किंग्स्टनच्या रंगमंचावर दोन्ही पुढाऱ्यांचे हात एकत्र धरविले. तरी १९८० च्या निवडणुकीच्या वर्षांत सुमारें आठशें माणसें मारलीं गेलीं. टिव्होली आणि अर्नेट या वस्त्यांचेही आपापले फुटबॉल क्लब झाले, आणि सामन्याच्या निकालाबरोबर वस्तीची अब्रू पणास लागूं लागली.

बॉइज टाउन या दुभंगाच्या शिवेवर होतें. शेरलॉक यांच्या संस्थेनें हा दुभंग थांबविला, असें म्हणणें खोटें होईल. तें तिच्या आवाक्यांतलें नव्हतें. ज्या पोरांनीं तेथें पंचाचें बोट मानण्याचें शिक्षण घेतलें, त्यांच्याच धाकट्या भावांना पुढाऱ्यांनीं बंदूक धरावयास शिकविलें. पण हेंही खरें कीं, या रक्तपाताच्या पाठोपाठच्या वर्षांत, १९८४, १९८६ आणि १९८९ सालीं, जमैकाच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचें विजेतेपद याच क्लबानें पटकाविलें. त्यानंतर खेळ पगारी झाला, आश्रयदाते आले, आणि पैशाचें बळ असलेले क्लब पुढें सरले. बॉइज टाउनला तें विजेतेपद पुन्हां लाभलें नाहीं.

१४ जून १९९८ या दिवशीं फ्रान्समधील लांस गांवीं जमैकाचा संघ विश्वचषकांतील आपला पहिला सामना क्रोएशियाविरुद्ध खेळावयास उतरला. इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन देशांपैकीं तेथपर्यंत पोहोंचलेला हा पहिलाच. ब्राझीलचे रेने सिमोएस हे मुख्य शिक्षक होते. त्यांचा सहायक म्हणून कार्ल ब्राउन होता. सामन्यापूर्वीं जमैकाचें राष्ट्रगीत झालें. त्या प्रार्थनेचे शब्द १९६२ सालीं ज्यांनीं लिहिले, ते गृहस्थ म्हणजे ह्यू शेरलॉक. गीत संपलें, शिटी वाजली; सामना जमैकानें तीन विरुद्ध एक असा गमावला.