मोबाइलचा प्रोसेसर अंदाज कसा बांधतो? ब्रँच प्रेडिक्शन म्हणजे नेमकं काय?

तुम्ही एक रील वर सरकवता आणि दुसरी सुरू होते. तेवढ्यात मोबाइलच्या प्रोसेसरने कोट्यवधी सूचना पार पाडलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच तर निव्वळ अंदाजावर. तो अंदाज कसा बांधतो आणि चुकला तर काय होतं, ते पाहू.

पाइपलाइन म्हणजे काय?

वाशिम जिल्ह्यातलं एखादं सोयाबीन खरेदी केंद्र डोळ्यांसमोर आणा. एक जण नमुना घेतो, दुसरा ओलावा मोजतो, तिसरा वजन करतो, चौथा पोतं शिवतो. एक पोतं शिवून होईपर्यंत बाकीचे बसून राहिले, तर ट्रॅक्टरची रांग हलणारच नाही. म्हणून चौघंही एकाच वेळी वेगवेगळ्या मालावर काम करतात.

प्रोसेसरचंही तसंच. एक सूचना मेमरीतून आणताना तो दुसरीचा अर्थ लावतो आणि तिसरी चालवतो. हीच पाइपलाइन.

मग घोडं अडतं कुठे?

हमीभावाच्या खरेदीत ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, हा नेहमीचा निकष. त्याच्या आत असेल तर माल काट्यावर, नाहीतर वाळवायला परत. पण मीटरचा आकडा येईपर्यंत काट्यावरच्या माणसाने काय करायचं?

प्रोग्राममध्येही 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर' अशा सूचना असतात. त्यांना ब्रँच म्हणतात. उत्तर येईपर्यंत पुढची सूचना कोणती आणायची, हेच प्रोसेसरला ठाऊक नसतं.

थांबलं तर किती बिघडतं?

समजा, १०० सूचनांमध्ये २० ब्रँच आहेत आणि प्रत्येक ठिकाणी १५ क्लॉक सायकल थांबावं लागतं. म्हणजे ३०० सायकल वाया. पण न थांबता अंदाज बांधला आणि २० पैकी १९ बरोबर आले, तर फक्त १५ वाया जातात.

अंदाज कशावरून?

मागच्या अनुभवावरून. गॅलरीतले १०० फोटो दाखवताना प्रत्येक फोटोनंतर प्रश्न येतो, 'अजून आहे का?' ९९ वेळा 'हो', शेवटी एकदा 'नाही'. फक्त मागचं उत्तर लक्षात ठेवलं, तर दोन चुका होतात: एक शेवटच्या फोटोला आणि दुसरी गॅलरी पुन्हा उघडल्यावर पहिल्याच फोटोला. १९८१ मध्ये जेम्स स्मिथ यांनी मांडलेल्या दोन बिटांच्या काउंटरमध्ये पक्कं झालेलं मत एका चुकीने बदलत नाही, सलग दोन लागतात. त्यामुळे दुसरी चूक टळते. आजच्या पद्धती याहून बऱ्याच पुढे गेल्या आहेत.

दुसरा मार्ग आहे का?

आहे. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या टीमने तयार केलेला 'अजित' प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर झाला. तो स्पार्क व्ही८ या सूचनासंचावर चालतो. या संचात जुनी युक्ती आहे: ब्रँचच्या लगेच पुढे लिहिलेली सूचना आधी चालवायची आणि मग उडी घ्यायची. त्याला डिले स्लॉट म्हणतात. तेवढा वेळ सत्कारणी लागतो. पण पाइपलाइन लांब असेल, तर एका सूचनेने भागत नाही, अंदाज लागतोच.

अंदाज चुकला तर?

अर्धवट काम फेकून योग्य वाटेने पुन्हा सुरुवात. निकाल बरोबरच येतो, फक्त वेळ जातो. निदान असंच समजलं जायचं.

जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' ही त्रुटी जाहीर झाली आणि कळलं, की फेकलेल्या कामाच्या खुणा कॅश मेमरीत मागे राहतात. प्रोसेसरला मुद्दाम चुकीचा अंदाज बांधायला लावून, त्या खुणांवरून पासवर्डसारखी माहिती काढता येऊ शकते. इंटेल, एएमडी आणि आर्म, तिघांचेही प्रोसेसर यात सापडले.

कंपन्यांनी उपाय केले, पण अंदाज बांधणं सोडलं नाही. ते सोडलं, तर मोबाइल कमालीचा मंदावेल. त्या उपायांपैकी बरेचसे तुमच्यापर्यंत सॉफ्टवेअर अपडेटमधून येतात. त्यामुळे फोनवर सिक्युरिटी अपडेटची सूचना दिसली, तर 'नंतर' दाबून सोडून देऊ नका.