खराब सिबिल, जुनी गाडी आणि कर्जाच्या नोंदीचा इतिहास

पीएचडीचा विषय कोणी विचारला की मी आधी "क्रेडिट स्कोअरिंगमधला गहाळ डेटा" असं सांगायचे. समोरचा माणूस लगेच पावसापाण्यावर बोलायला लागायचा. हल्ली एक उदाहरण देते. नळदुर्गातल्या एका तरुणाला सोलापूर-तुळजापूर भाड्यासाठी सेकंडहँड बोलेरो घ्यायची आहे. बँकेत गेला तर उत्तर येतं, "सिबिल खराब आहे." कधीतरी काकाच्या कर्जाला तो जामीन राहिला होता, ते कर्ज थकलं, पुढे तडजोडीत मिटलं आणि अहवालात 'सेटल्ड' हा शेरा राहिला. कर्ज संपलं, शेरा संपला नाही. हा तरुण काल्पनिक आहे, पण असे शेरे खरे असतात.

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण इथे थेट मॉडेलकडे धावतात: लॉजिस्टिक लावू की रँडम फॉरेस्ट? माझ्या गाइडने पहिल्याच महिन्यात वेगळा प्रश्न विचारला. हा डेटा लिहितं कोण? त्या एका प्रश्नापायी मी संख्याशास्त्र सोडून वर्षभर इतिहास वाचत बसले. त्यातलं जे कामाचं वाटलं, ते इथे मांडते.

सुरुवात नळदुर्गपासूनच करू, कारण हा सगळा मुलूख एकदा थकलेल्या कर्जापायी सावकाराच्या ताब्यात गेला होता. कर्जदार होता हैदराबादचा निजाम आणि सावकार ईस्ट इंडिया कंपनी. हैदराबाद कन्टिन्जंट नावाची फौज कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली होती, पण तिचा खर्च निजामाच्या खात्यावर पडत होता. बाकी वाढत गेली. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा भाग कंपनीकडे सोपवला गेला, म्हणजे वसूल कंपनीनेच करायचा आणि फौजेचा खर्च त्यातून काढायचा. त्यानंतर नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर यांच्याकडे आला आणि १८५७ पर्यंत राहिला. 'ठगाची जबानी' लिहिणारे टेलर ते हेच.

मला यात महत्त्वाचा वाटतो तो हिशेबाचा वाद. निजाम सरकारचं म्हणणं होतं की सिकंदराबाद आणि जालना छावण्यांच्या अबकारीचं उत्पन्न कंपनीने इतकी वर्षं स्वतःकडे ठेवलं. ते जमेला धरा आणि मग बाकी सांगा. थोडक्यात, कर्जदाराला नोंदच मान्य नव्हती. पण वही सावकाराची होती. शेवटी १८६० च्या तहाने नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले आणि सुमारे ५० लाखांचं कर्ज रद्द झालं. हे घडायला १८५७ मधली निजामाची निष्ठा आणि सालारजंगांसारखा दिवाण लागला. साध्या कुळाकडे यातलं काहीच नव्हतं.

आता पश्चिमेकडे सरकू. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुढचे काही आठवडे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत हेच होत राहिलं. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, हे सरकारी चौकशी आयोगानेही नोंदवलं. खतं, गहाणखतं, हुकूमनामे मिळवायचे आणि जाळायचे. काही ठिकाणी सावकाराने कागद दिले की जमाव निघून जायचा. पाठ्यपुस्तकात हा 'दख्खनचा उठाव' म्हणून दोन ओळींत येतो. माझ्या विषयाच्या अंगाने मात्र हा डेटाबेसवरचा हल्ला आहे. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचता येत नाही, वाचता आलं तरी दुरुस्त करता येत नाही, आणि न्यायालय तोच कागद पुरावा म्हणून धरतं. मग जाळण्याखेरीज उरतं काय?

त्यातून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. विद्यार्थ्यांनी हा कायदा मुळातून वाचावा असं मी आग्रहाने सांगते. कंटाळवाणा अजिबात नाही. न्यायालयाने खतावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून तपासायचा. सावकाराने रक्कम मिळाल्याची लेखी पावती द्यायची, वर्षाला हिशेबाचा उतारा द्यायचा, मागितलं तर पासबुकात नोंदी करून द्यायच्या. न दिल्यास दंड. नोंदीची एक प्रत कर्जदाराच्याही हातात असावी, ही कल्पना १८७९ सालची आहे!

हा कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. नळदुर्ग सोलापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, पण निजामाच्या राज्यात. सरहद्दीच्या अलीकडच्या कुळाला पावतीचा हक्क आणि पलीकडच्याला नाही. हैदराबाद संस्थानात सावकारी नियंत्रणाचा कायदा आला तो फसली १३४९ मध्ये, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास. मधली साठ वर्षं एकाच बोलीत, एकाच बाजारात वावरणाऱ्या दोन माणसांचे कागद दोन वेगळ्या नियमांनी चालत होते. तुलनात्मक अभ्यासासाठी याहून चांगली सीमारेषा मिळणं कठीण, इतिहासवाल्यांनी जरूर विचार करावा.

कायद्याला सावकारांनी दिलेलं उत्तरही बघण्यासारखं आहे. गहाणखताची चौकशी होते ना, मग गहाणखत नकोच, सरळ खरेदीखत करा. जमीन कागदोपत्री विकलेली, आणि 'पैसे फेडले की परत देऊ' हे फक्त तोंडी. कर्जाच्या कागदाकडे न्यायालय बारकाईने बघायला लागलं की कर्ज मालकीचा वेष घेतं.

आणि इथूनच आपण गाडीपाशी येतो. १८९५ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज हा खटला होता, एका पियानोचा. पियानो हप्त्यावर 'भाड्याने' दिलेला. शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालक विकणाराच. ही रचना टिकते, असा निर्णय झाला. भाडे-खरेदीचा हा साचा पुढे मोटारींना चपखल बसला. माणसाची पत माहीत नाही? हरकत नाही, वस्तूच माझी. भारतात ट्रकचा धंदा बराचसा याच पायावर उभा राहिला. मद्रासमध्ये १९५४ साली सुंदरम फायनान्स सुरू झाली, १९७९ मध्ये श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स. श्रीरामने तर जुने ट्रक घेणाऱ्या, बँकेच्या लेखी पत नसलेल्या चालकांनाच ग्राहक केलं. आपल्याकडे १९८७ मध्ये बजाज ऑटो फायनान्स आली, १९९१ मध्ये आजच्या महिंद्रा फायनान्सची मूळ कंपनी.

या कागदाचं खरं रूप काय, भाडं की कर्ज? सुंदरम फायनान्स विरुद्ध केरळ राज्य या विक्रीकराच्या खटल्यात १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की त्या करारांचं सार कर्जाचंच आहे. त्यानंतर १९७२ मध्ये संसदेने भाडे-खरेदी कायदा केला. त्यात घेणाऱ्याला संरक्षण होतं: ठरावीक हिस्सा भरून झाला असेल तर न्यायालयात गेल्याशिवाय वस्तू ओढून न्यायची नाही. हा कायदा कधी अमलातच आला नाही. २००५ मध्ये तो रद्द झाला. तेहतीस वर्षं तो फक्त कागदावर होता.

आजही आरसी बुकावर 'एचपी' चढते, ती याच इतिहासाची खूण. हप्ते संपल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत ती उतरवावी लागते. सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा उतरवण्यासारखंच. नोंद आपोआप उतरत नाही, मागे लागावं लागतं.

मग स्कोअर कधी आला? १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी आयरिसच्या तीन जातींच्या १५० फुलांची मापं वापरून त्या वेगळ्या कशा ओळखायच्या ते दाखवलं. तो डेटासेट तुमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी चालवला असेल. पाच वर्षांनी, १९४१ मध्ये, डेव्हिड ड्युरँड यांनी अमेरिकेत हप्त्याच्या कर्जांवर तेच तंत्र वापरलं: कोणतं कर्ज चांगलं, कोणतं वाईट. फुलांना मात्र बागेत यायला कोणाची परवानगी लागत नाही. कर्जाच्या डेटात फक्त तेच येतात ज्यांना कर्ज मिळालं. नाकारलेला माणूस फेडू शकला असता का, हे कधीच दिसत नाही. आमच्या शास्त्रात याला 'रिजेक्ट इन्फरन्स'चा प्रश्न म्हणतात आणि माझा प्रबंध त्यावरच आहे.

भारतात सिबिल २००० साली स्थापन झाली, पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ मध्ये झाला. ३०० ते ९०० मधला तो आकडा त्यानंतर घरोघरी पोचला. आता अशा चार कंपन्या आहेत आणि २०१७ पासून प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम २०२४ पासून आहे. १८७९ च्या पासबुकाचाच हा पणतू. अट एवढीच की नोंद चुकीची हवी. 'सेटल्ड' हा शेरा खरा असेल तर तक्रारीने जात नाही. राहिलेली रक्कम भरून सावकाराकडून नोंद बदलून घ्यावी लागते. पीककर्जाला सिबिलची सक्ती नको असं राज्य सरकार बँकांना वारंवार बजावतं, पण बोलेरो हे पीक नाही.

मग आपला तरुण काय करतो? जुन्या गाड्यांच्या दलालाकडे जातो. समजा ३ लाख रुपये, ३ वर्षं, '१२ टक्के फ्लॅट'. व्याज १ लाख ८ हजार, हप्ता ११,३३३ रुपये. ऐकायला बारा टक्के. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण तीन लाखांवर लागतंय. घटत्या शिलकीवर मांडलं तर दर २१ टक्क्यांच्या वर जातो. करून बघा, एक्सेलमध्ये एका ओळीचं काम आहे. वर दोन कोरे धनादेश, दुसरी किल्ली दलालाकडे, आणि एक हप्ता चुकला की गाडी रस्त्यातून उचलण्याची भीती. बळाचा वापर करून वसुली करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात सुनावलं आहे, पण दलालाच्या डायरीपर्यंत ते पोचायला वेळ लागतो.

समजा त्याने छत्तीसच्या छत्तीस हप्ते वेळेवर भरले. ते डायरीत लिहिलेले आहेत. ती डायरी कुठल्याही पतमाहिती कंपनीकडे जात नाही. माझ्या डेटात त्याच्या नावासमोर आहे तो तीन वर्षांपूर्वीचा नकार, आणि पुढचा रकाना रिकामा.