जहाजाचा कान कुठे बसवावा?

१/ एप्रिल १९१२मध्ये टायटॅनिक बुडाली आणि पाण्याखालचा धोका जहाजाला आधी कसा कळावा, हा प्रश्न ऐरणीवर आला. त्या शोधातूनच समुद्राची खोली प्रतिध्वनीने मोजणे शक्य झाले. मात्र त्याचे यश एका साध्या वाटणाऱ्या निर्णयावर अवलंबून होते: जहाजाचा ‘कान’ कुठे बसवावा?

२/ तोवर दोरीला वा तारेला वजन बांधून खोली मोजत. खोल समुद्रात एकेका मापाला तासन्‌तास लागत. ‘चॅलेंजर’ मोहिमेने १८७२ ते १८७६ या काळात अशी जेमतेम ५०० मापे घेतली.

३/ पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. म्हणजे ५००० मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी सात सेकंदांच्या आत परततो. १९१३मध्ये जर्मनीत अलेक्झांडर बेम यांनी या तत्त्वावर पेटंट घेतले. १९१४मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी अमेरिकी ‘मायामी’ जहाजावरून हिमनग आणि समुद्रतळ, दोहोंचे प्रतिध्वनी टिपले.

४/ कानाची युक्ती मात्र याहून जुनी. दीपनौकांच्या पाण्याखालील घंटा ऐकण्यासाठी जहाजाच्या नाळेजवळ, जलरेषेखालच्या पत्र्याला आतून पाण्याने भरलेली टाकी जोडत आणि तिच्यात मायक्रोफोन ठेवत. पाणी, पोलाद, पुन्हा पाणी असा ध्वनीचा मार्ग अखंड राही. मध्ये हवेचा थर आला, तर जवळजवळ सगळा ध्वनी मागे परते.

५/ प्रतिध्वनीयंत्राच्या ट्रान्सड्यूसरचा शत्रूही हवाच. नाळ लाटा कापते तेव्हा हवेचे बुडबुडे तळाखाली ओढले जातात. मागे पंख्याचा गोंगाट असतो. म्हणून पंख्यापासून दूर, बुडबुड्यांच्या वाटेबाहेर, प्रवाह शांत असलेली तळाची जागा हेरावी लागे. त्यासाठी तळाला छिद्र पाडायचे, तर जहाज सुक्या गोदीत घ्यावे लागे. जागा चुकली, तर भर समुद्रात उपाय नसे.

६/ हे साधल्यावर काय घडले? १९२५ ते १९२७ या काळात जर्मन ‘मिटिऑर’ने दक्षिण अटलांटिकात ६७ हजारांहून अधिक मापे घेतली. मोहीमप्रमुख आल्फ्रेड मेर्त्स वाटेतच निवर्तले. कप्तान फ्रिट्स श्पीस यांनी काम तडीस नेले. सपाट मानलेल्या तळाच्या जागी खडबडीत पर्वतरांग नकाशावर उमटली.

७/ १९३३-३४मध्ये इजिप्तच्या ‘मबाहिस’ नौकेने याच पद्धतीने अरबी समुद्राचा तळ चाचपला. तिथल्या एका सागरी डोंगररांगेला आज ‘मरे रिज’ म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या त्याच समुद्राखाली पर्वत आहेत, हे जहाजाच्या तळाशी नेमक्या जागी बसवलेल्या कानामुळे कळले.